डोळे मिटले की जमीन हलायची

नवतपा, म्हणजे मे संपतानाचे ते नऊ जळते दिवस, लागला की नागपूरकर दोनच वाक्यं बोलतात. "यंदा काही ऊनच नाही, ऊन आमच्या वेळी होतं," आणि "यंदा तं हद्दच झाली बाप्पा." दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच दुपारी, मधे फक्त एक ग्लास पन्हं पिऊन ऐकायला मिळतात. काल सुट्टीवर घरी आले तेव्हा आईने दारातच दोन्ही ऐकवली. आत कूलर चालू होता. ओल्या वाळ्याचा गार, मातकट वास नाकात शिरला आणि मी बॅग दारातच खाली ठेवली.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम बाबांचं. पूर्वी ते बादल्या उचलून भरायचे, आता खुर्चीत बसून पाइप धरतात. उजवा पाय समोरच्या स्टुलावर. त्या घोट्यात एक पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, आणि ते माझ्यामुळे आहेत. लोकांचे असे पाय पावसाळ्यात दुखतात म्हणे, बाबांचा नवतप्यात दुखतो. निदान मला तरी तो याच दिवसांत दिसतो.

तीन वर्षांपूर्वीचा तो नवतपा माझ्या अंगातून अजून पुरता गेलेला नाही. आंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की डावा हात आपोआप नळ शोधतो. जमीन आता हलत नाही, हे मला माहीत आहे. हाताला अजून खात्री नाही.

मी पायलट आहे. मोठ्या जेटची नाही, लहान शहरांत उतरणाऱ्या दोन पंख्यांच्या विमानाची. तेव्हा उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलटच्या जागी बसून मला आठ वर्षं झाली होती आणि डाव्या सीटसाठी नाव आलं होतं. डावी सीट कॅप्टनची. त्यासाठी तीन आठवडे सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात, प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. परीक्षेत घसरलं किंवा मेडिकलचं काही खुसपट निघालं, तर पुन्हा उजवीकडे. मग नंबर कधी लागेल हे कुणीच सांगत नाही. प्रशिक्षण केंद्र माझ्या नशिबाने नागपुरातच निघालं, वर्धा रोडला. बाकीचे हॉटेलात राहिले, मी दिघोरीला आईच्या हातचं खात राहिले.

बाबा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, उमरेड डेपोत. मी पायलट झाले तेव्हापासून ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आमच्या घरात दोन ड्रायव्हर. एक खालचा, एक वरचा." कॅप्टनचं कळल्यावर मात्र त्यांनी ते सांगणं बंद केलं. दाढी करणाऱ्याला, दूधवाल्याला, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला आलेल्या माणसाला ते आता वेगळंच सांगत. "माही पोरगी कॅप्टन होऊन राहिली." दोन ड्रायव्हरांतला एक अचानक कमी झाला होता. मला तेव्हा त्याचं हसू आलं, अभिमानही वाटला. दुसरं काही वाटायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सिम्युलेटर बाहेरून बघितला तर एक मोठी पांढरी खोली असते, सहा पायांवर उभी. पाय लांब-आखूड होतात, तशी खोली वाकते, डुलते, कलते. आत मात्र हुबेहूब विमानाचं नाक. तीच बटणं, तेच काटे, काचेबाहेर तोच रनवे, तेच ढग, उतरायच्या वेळी पाठीत बसणारा तोच दणका. आत यंत्रं तापू नयेत म्हणून थंडी अशी की दात वाजतात. नवतप्यात स्वेटर घेऊन घराबाहेर पडणारी दिघोरीतली मी एकटीच. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलंदेखील, "पोरीची तब्येत ठीक हाय ना वं?"

सकाळी सात ते अकरा आत. इंजिन बंद पडतं, आग लागते, धुक्यात रनवे दिसत नाही, दिसतो तेव्हा वाऱ्याने विमान बाजूला ढकललेलं असतं. या सगळ्याची मला भीती नव्हती. अंगावर यायचं ते वेगळंच. चुकलं की मागे बसलेले सर एक बटण दाबायचे आणि अख्खं जग जागच्या जागी थांबायचं. आपण वळत असतो, काचेबाहेर शहर तिरकं झालेलं असतं, आणि ते तसंच तिरकं गोठतं. मग दुसरं बटण. शहर सर्रकन मागे सरकतं आणि आपण पुन्हा रनवेच्या टोकाला, जणू काही झालंच नाही. असं एका सकाळी दहा-दहा वेळा. डोळे सांगतात, आपण वळलो, थांबलो, मागे गेलो. कान सांगतो, बाई गं, तू खुर्चीत बसली आहेस, कुठेही गेलेली नाहीस. एकाच घरातले दोन जण पंचांसमोर वेगवेगळी साक्ष देतात तसं ते असतं.

शिकाऊ असताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला बजावलं होतं की ढगात अंगाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. अंग खोटं बोलतं. आठ वर्षं मी ते इमानेइतबारे पाळलं. फक्त अंग जमिनीवरही खोटं बोलू शकतं, असं कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आंघोळीला गेले. डोक्याला शाम्पू लावला, डोळे मिटले, आणि न्हाणीघर उजवीकडे कललं. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी चकित झाले. नळ धरला. डोळे उघडले तर सगळं सरळ. बादली सरळ, पाणी सरळ. पुन्हा मिटले, पुन्हा कललं. मी तिथे ओल्या केसांनी उभी राहून चार-पाच वेळा डोळ्यांची उघडझाप करून बघितलं, एखादा बिघडलेला दिवा बघावा तसं. मग बाहेर आले आणि आईला म्हणाले, "जरा गरगरल्यासारखं होतंय."

"ऊन लागलं," आई म्हणाली. तिने वर बघितलंही नाही, कुरडया उलटत होती. "स्कार्फ नीट बांधत नाही तू. थांब, कांदा किसते."

नागपुरात मे महिन्यात माणसाला दुसरा आजारच होत नाही. ताप आला, ऊन लागलं. उलटी झाली, ऊन लागलं. नवरा-बायको भांडली तरी समजूतदार माणसं म्हणतात, जाऊ द्या, उन्हाचे दिवस आहेत. माझ्या तळपायांना कांद्याचा रस लागला, काशाच्या वाटीने तूप घासलं गेलं, पर्समध्ये एक अख्खा कांदा ठेवला गेला. पन्ह्याचे जगच्या जग रिकामे झाले. मीही निमूट सगळं करून घेतलं. सकाळी सात ते अकरा मी थंडीत स्वेटर घालून बसते, मग घरापर्यंतचा जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता, त्यात मला ऊन लागेल कितीसं, हा साधा हिशेब आईने केला नाही, बाबांनी केला नाही, शेजारच्या काकूंनी केला नाही. त्यांचं सोडा. मी विमान चालवणारी बाई, मीही केला नाही. ऊन लागलं म्हटलं की सगळे सुटतात. त्यात लाज नाही, कागद नाही, डॉक्टर नाही.

कारण आमच्या धंद्यात चक्कर हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. रोज सकाळचं सत्र संपलं की एक फॉर्म यायचा, वीतभर कागद. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे, असे रकाने आणि पुढे हो-नाही. सगळेच्या सगळे 'नाही'वर खुणा करून पेन पुढच्याला द्यायचे. मीही. परीक्षा दोन आठवड्यांवर असताना 'तोल जाणे' या शब्दांपुढे 'हो' लिहिणारा पायलट मी अजून बघितलेला नाही. माझ्यासोबत शिकणारा पायलट माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता, उडण्याचे तासही थोडेच. तो बाहेर येऊन तर्री-पोहे असे चापायचा की मला त्याचा राग यायचा. मला पोह्यांकडे बघवत नव्हतं. मनात एकच विचार, वय झालं बहुतेक.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आई मला धरमपेठेत घेऊन गेली. कॅप्टन झाल्यावर नेसायला साडी हवी होती म्हणे, जशी काही मी पदर खोचून विमान चालवणार होते. दुकानात दुकानदार साड्या भराभर उलगडत होता. हिरवी, जांभळी, पुन्हा हिरवी, कापड समोरून सरकत राहिलं, आणि मी गादीवर बसल्या बसल्या मागे जाऊ लागले. सकाळच्या सत्राला सात तास होऊन गेले होते. मी हाताने गादी घट्ट धरली. दुकानदाराने पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"ऊन लागलं वाटते ताईले," तो म्हणाला.

"पाह्य, यायले बी समजलं," आई मला म्हणाली. "उद्या जाऊ नको."

"परीक्षा आहे, आई."

"परीक्षा काय पयून जाते काय?"

जात नाही, पण नंबर जातो, हे मी तिला सांगितलं नाही. साडी घेतली. जांभळी.

नवव्या दिवशी बाबा केंद्रावर आले. त्यांना ते नकली विमान बघायचं होतं. मी पास काढून दिला आणि सत्र संपल्यावर त्यांना गॅलरीत नेलं. काचेपलीकडे पुढची जोडी आत बसली होती आणि ती पांढरी खोली पायांवर डुलत होती. बाबा काचेला नाक लावून उभे राहिले.

"हे कुठं जाते काय?"

"कुठंच नाही."

"मंग इतकं कायले डोलते?"

"आतल्या माणसाला वाटावं म्हणून."

"बाप्पा," बाबा म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फार आठवून बघितलं आहे. देवळात गाभाऱ्याबाहेर उभी राहतात ना माणसं, आत जायचं नाही हे माहीत असलेली, तसं होतं ते.

स्कूटर माझी कॉलेजपासूनची, घरीच असायची. केंद्राची गाडी सोडायला तयार असे, पण मला ओढणी बांधून, गॉगल लावून, कॉलेजातल्यासारखं भर उन्हात गाडी हाकायची हौस. बाहेर आलो तेव्हा बाबांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. एकतीस वर्षं चालवणाऱ्या माणसाचा हात तो, जाणारच पुढे. मी म्हणाले, "बसा मागे बाबा, मी चालवते." त्यांनी हात मागे घेतला आणि गुपचूप मागे बसले.

दुपारची वेळ, रिंग रोड मोकळा. डांबरावरून वाफा निघत होत्या. नवतप्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पुढे ट्रक नव्हता, आडवं कुणी आलं नाही, खड्डा नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर ज्याने त्याने यातलं काहीतरी विचारलं. रस्ता सरळ होता. मला एवढंच वाटलं की गाडी उजवीकडे कलते आहे. हळूच, वळणावर विमान कलतं तशी. मी ती सरळ केली. पुन्हा कलली. पुन्हा सरळ केली. स्कूटरला क्षितिज दाखवणारं यंत्र नसतं, तिथे अंगाचंच ऐकावं लागतं, आणि माझं अंग मला शपथेवर सांगत होतं की तू उजवीकडे पडते आहेस. मी डावीकडे रेटलं आणि सरळ उभी असलेली गाडी रस्त्याकडेच्या दगडांवर नेऊन आपटली.

ती उजवीकडे आडवी होऊ लागली तसा बाबांनी उजवा पाय टेकवला. ड्रायव्हर माणूस, ब्रेकचाच पाय. गाडीचं सगळं वजन त्या पायावर आलं आणि एक आवाज झाला. तो मी इथे लिहिणार नाही.

कडेच्या खोपटातला उसाचा रसवंतीवाला धावत आला. त्याने आधी बाबांना उचललं, मग मला पाणी दिलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "ऊन लागलं मॅडम तुमाले." मी रस्त्यावर बसून होते. एवढ्या वेळात मी काय केलं तर डोळे मिटून बघितले. आणि बसल्या जागी, डांबरावर, दोन्ही हात टेकलेले असताना मी उजवीकडे कलले. मला त्या क्षणी कळलं. हे ऊन नाही, कधीच नव्हतं. इतका धक्का मला त्याआधी कशाचाच बसला नव्हता, आणि मी पावसात एका इंजिनावर विमान उतरवलेलं आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच हाललो मागं. पोरीची काही चूक नाई." पोलिसाला तेच, मामाला तेच. आईने कपाळावर हात मारला, "तुमाले एका जागी बसता येत नाई काहून गा?" बाबा तिच्याकडे बघून कसनुसे हसले. मी भिंतीला टेकून उभी होते. मी एवढंच करायचं होतं की म्हणायचं, नाही, मी पाडली. परीक्षा बारा दिवसांवर होती. मी म्हणाले नाही. याची लाज मला आजही वाटते, आणि लिहिल्याने ती कमी होईल असं काही नाही.

ऑपरेशनच्या कागदांसाठी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. ती शोधताना प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशीचा एक कागद हाती आला. सिम्युलेटरमध्ये बसलेल्यांसाठी सूचना. सत्रानंतर तोल बिघडू शकतो. काही वेळा ताबडतोब, काही वेळा काही तासांनी. त्या दिवशी वाहन चालवू नये, विमान उडवू नये. त्रास झाल्यास लगेच सांगावं. आणि एक ओळ, मी ती तीनदा वाचली: ज्यांना खऱ्या उड्डाणाचा अनुभव जास्त, त्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो. खाली सही. माझी, लफ्फेदार.

इंजिन सुरू करायच्या आधीची यादी आम्ही पायलट शब्द न् शब्द मोठ्याने वाचतो. पाठ असली तरी वाचतो. न वाचता बटण दाबणाऱ्याची मी स्वतः हजेरी घेतली आहे. आणि हा कागद सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीवर ठेवून, गप्पा मारत, सही करून पुढे दिला होता. असला मूर्खपणा फक्त आम्हीच करू जाणतो.

अपघातानंतर चौथ्या दिवशी मी केंद्रावर गेले. आमचे शिकवणारे सर सांगलीचे, केस पांढरे, बोलणं तुटक. मी सगळं सांगितलं. न्हाणीघर, साडीचं दुकान, रिंग रोड, रोज 'नाही'वर केलेल्या खुणा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "उभ्या राहा. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवा. हातांची घडी. मिटा डोळे."

मी उभी राहिले. काहीच झालं नाही. सरांनी तीसपर्यंत मोजलं. मधे तीन दिवस मी आत बसले नव्हते.

"आता चला," ते म्हणाले आणि मला अर्धा तास आत बसवलं. तेच वळण, तेच गोठलेलं शहर, तेच मागे सरकणं. बाहेर आल्यावर पुन्हा तसंच उभं केलं. मला वाटत होतं मी खांबासारखी सरळ उभी आहे, यावेळी तर जास्तच सरळ. सरांनी सात म्हटलं आणि भिंत माझ्या खांद्यावर येऊन आदळली. मी डोळे उघडले. भिंत तिथेच होती. मीच गेले होते तिच्याकडे. सरांनी दंड धरला होता म्हणून खाली पडले नाही.

"तुमच्या जोडीदाराला असं होत नाही," मला खुर्चीत बसवत सर म्हणाले. "त्याच्या अंगाला खरं विमान अजून पाठ नाही. तुमच्या अंगाला आहे, म्हणून ते भांडतं."

"तुम्हाला होतं, सर?"

"वीस वर्षं. माझी बायको रोज गाडी घेऊन येते ना न्यायला? लोकांना वाटतं साहेबांचा थाट आहे."

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"नाही," सर म्हणाले. "कुणी विचारलं नाही." आणि मग, खाली बघत, "कागदावर होतंच की."

मी फॉर्म मागून घेतला आणि त्या रकान्यात 'हो' लिहिलं. पुढे काय झालं? आभाळ कोसळलं नाही. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, आठ दिवस आराम सांगितला. सत्रं दोन-दोन तासांची केली, मधे विश्रांती, घरी सोडायला गाडी. हळूहळू अंगाने भांडण सोडलं. परीक्षा महिनाभर पुढे गेली आणि पावसाळ्यात मी कॅप्टन झाले. एक महिना! एवढ्याचीच भीती होती मला. त्या एका महिन्याच्या बदल्यात मी माझ्या बापाचा पाय दिला होता. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी विमानतळाच्या कार पार्किंगमध्ये उभी होते आणि मला तिथेच एका खांबाला धरून उभं राहावं लागलं. त्या दिवशी तोल अगदी शाबूत होता.

आता मी सोबतच्या को-पायलटना उड्डाणाआधी एक गोष्ट आवर्जून सांगते. मी काही चुकीचं करते आहे असं वाटलं, तर आधी बोला, खात्री मागाहून करू. ते मान हलवतात. पाठ केलेलं वाक्य आहे असं त्यांना वाटत असणार, आणि पुस्तकात ते आहेही. शेजारी बसलेल्याला चूक दिसली, पण वरिष्ठांना कसं सांगावं म्हणून तो गप्प राहिला आणि विमान गेलं, असले किस्से आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. मी आठ वर्षं उजवीकडे बसून ते ऐकले आणि प्रत्येक वेळी मला त्या गप्प बसलेल्या माणसाचा राग आला. काय मूर्ख आहे, दिसत होतं ना, बोलायचं. त्यामागे कोण माणूस असतो हे मला कळलं ते त्याच उन्हाळ्यात, सरांकडून घरी परतले त्या दुपारी.

बाबा पलंगावर होते, पाय उशीवर, प्लास्टर मांडीपर्यंत. आई आत झोपली होती. कूलर घरघरत होता. मी पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि बसता बसताच म्हणाले, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं.

"बाबा, तुम्ही हलला नव्हतात. गाडी मी पाडली. मला चक्कर होती, आठवडाभर होती, आणि मी ती लपवली."

बाबांनी डोकं उशीवरून उचललं नाही. "मले मालूम हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पेट्रोल पंपापासूनच तू डावीकडं रेटून राहिली होती. रस्ता सीधा, हवा नाई, अन् गाडी डावीकडं. दोनदा सावरली. मले मागून समजत होतं ना वं, इतके वर्षं गाडी चालवली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुले मी काय सांगाव? तू विमान चालवते. एवढे लोकं घेऊन उडते. मी म्हनलं, इले काही समजत असंन म्हणून झुकवून राहिली. मी आपला एसटीवाला."

मी अजून डाव्या सीटवर एकदाही बसले नव्हते. खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लागली नव्हती. आणि माझ्या मानाखातर गप्प राहणारा पहिला माणूस होऊन गेला होता. तो कुणी घाबरट पोरगा नव्हता. एकतीस वर्षांत एकदाही गाडी न आपटलेला माणूस होता, आणि त्याला दिसत होतं.

"एकतीस वर्षं," बाबाच पुढे बोलले, "कंडक्टरनं एक घंटी मारली का मी ब्रेक मारला. काहून मारली, नाई इचारलं कधी. आधी गाडी उभी, मंग इचारणं. अन् त्या दिवशी तुह्या पाठीवर एक थाप मारासाठी मी हात उचलला होता मंजू. बरोबर उचलला होता. मंग घेतला खाली."

मी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. रडू येत होतं म्हणूनही असेल. "मारा आता," मी म्हणाले.



"आता कायले वं," बाबा म्हणाले. "आता तं गाडी उभीच हाय."